प्रत आहे, पण परत येईल का?

जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअप घेणारा एक प्रोग्राम रोज चालत असे. दहा दिवसांपेक्षा जुने लॉग पुसून टाकणं हे त्यातल्या एका छोट्या स्क्रिप्टचं काम. डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणक पुरवणाऱ्या ह्यूलेट पॅकार्ड कंपनीने ही स्क्रिप्ट सुधारली आणि नवी आवृत्ती जुनीच्या जागी ठेवली. जुनी मात्र त्या वेळी चालूच होती. बॅश स्क्रिप्ट संगणक आधी पूर्ण वाचून घेत नाही, जसजशी चालवतो तसतशी पुढे वाचत जातो. त्यामुळे काम अर्ध्यावर असताना त्याच्यापुढे नवीच फाइल आली. कोणत्या फोल्डरमधलं पुसायचं, हे सांगणारी जागा रिकामी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. १४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून १६ डिसेंबरच्या दुपारपर्यंत सुमारे ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. हा डेटा ७७ टेराबाइटचा होता. १४ संशोधनगटांना फटका बसला आणि त्यांपैकी चार गटांचं काम बॅकअपमधूनही परत आणता आलं नाही.

कंपनीने संपूर्ण जबाबदारी स्वीकारली. पण ज्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त होते, त्या बॅकअपच्याच यंत्रणेने डेटा पुसला होता.

यानंतर विद्यापीठाने जाहीर केलेला बदल बोलका आहे. नुसत्या ‘मिररिंग’वर विसंबून न राहता काही काळाचे वाढीव बॅकअपही ठेवायचे, असं ठरलं. मिररिंगमध्ये दुसरी प्रत पहिलीच्या मागोमाग चालते. मूळ फाइल पुसली, की पुढच्या फेरीत प्रतीमधूनही ती जाते. वाढीव बॅकअपमध्ये आदल्या वेळेनंतर जे बदललं तेवढंच साठवलं जातं, पण तारखेनिशी. त्यामुळे ‘गेल्या मंगळवारी ही फाइल कशी होती?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं. मोबाइलमधले फोटो क्लाउडवर आपोआप जातात म्हणून बॅकअप आहे असं मानणाऱ्यांनीही हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कशाला किती जपायचं?

कोणत्याही विद्यापीठाच्या आयटी विभागाचं काम अवघड होतं ते डेटाच्या नाना तऱ्हांमुळे. परीक्षा विभागाकडचा गुणांचा डेटाबेस आकाराने लहान असतो, पण तो गेला तर हजारो मुलांच्या पदव्या अडकतात. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाने किंवा जनुकांचा क्रम वाचणाऱ्या यंत्राने काढलेला डेटा अवाढव्य असतो. त्यातला काही पुन्हा काढता येतो, काही कधीच नाही, कारण तो नमुना संपलेला असतो. पगारपत्रकं, प्रवेश अर्ज, ईमेल, मूडलवरचे वर्ग, ग्रंथालयाची सूची, वसतिगृहाची नोंद अशी यादी वाढतच जाते. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर गेलेले असतात, पण प्रबंधामागची मोजमापं बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरच राहतात.

या सगळ्याला एकच नियम लावला तर खर्च तरी डोईजड होतो किंवा संरक्षण तरी अपुरं पडतं. म्हणून नियोजनाची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. पहिला : बिघाड झाला तर मागचं किती वेळाचं काम गमावलेलं चालेल? याला आयटीवाले आरपीओ म्हणतात. दुसरा : किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं? हा आरटीओ. उत्तरपत्रिकांचं ऑनलाइन मूल्यांकन सुरू असताना पाऊण तासाचे गुण गेले तरी शेकडो परीक्षकांना तेच काम पुन्हा करावं लागेल. ग्रंथालयाची सूची मात्र कालची मिळाली तरी फारसं बिघडत नाही. शिवाय ही उत्तरं ऋतूप्रमाणे बदलतात. जूनमध्ये प्रवेशाची यंत्रणा सगळ्यांत महत्त्वाची असते, डिसेंबरमध्ये तिच्याकडे कुणी फिरकतही नाही.

हे प्रश्न सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्याने एकट्याने सोडवायचे नसतात. परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी आणि विभागप्रमुख यांनी ते ठरवायचे असतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजला हे फार महागात पडून कळलं. १७ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथल्या मुख्य साठवण यंत्रणेतला एक भाग बिघडला. तो बदलताना सगळी यंत्रणाच कोसळली. अनेक सेवा सुरळीत व्हायला आठवडे लागले आणि काही विभागांचा सामायिक ड्राइव्हवरचा डेटा कायमचा गेला. पुढे पीए कन्सल्टिंग या संस्थेने केलेल्या चौकशीत कळलं, की जागा कमी पडत असल्यामुळे काही डेटाचा टेपवरचा बॅकअप पूर्ण होत नव्हता आणि त्याचे परिणाम काय होऊ शकतात, हे कॉलेजला कुणी कळवलंच नव्हतं. एकूण व्यवस्थेत टेपचं स्थान किती मोलाचं आहे, हे तांत्रिक चमूलाही पुरतं उमगलं नव्हतं. प्राध्यापक मात्र आपल्या फायली सुरक्षित आहेत असं धरून चालले होते.

नऊ दिवसांचं गणित

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे किती वेळात पुन्हा सुरू व्हायचं याचं, उत्तर देताना मंडळी हमखास आशावादी होतात. साधा हिशोब करून पाहता येतो. १०० टेराबाइट डेटा एक गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून परत आणायचा, तर ती जोडणी क्षणभरही न थांबता पूर्ण वेगाने चालली तरी नऊ दिवसांहून अधिक लागतात. दहा गिगाबिटवर बावीस तास. प्रत्यक्षात लहान लहान फायली, मंद डिस्क आणि मधली तपासणी यांमुळे वेळ आणखी वाढतो. बॅकअप रोज थोडाथोडा घेतला जातो म्हणून तो झटपट वाटतो. परत आणायची वेळ येते तेव्हा मात्र सगळंच एकदम हवं असतं.

उशिराची किंमत किती मोठी असू शकते, याचं उदाहरण अमेरिकेत इलिनॉय राज्यात आहे. अब्राहम लिंकन हयात असताना, १८६५ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या लिंकन कॉलेजवर डिसेंबर २०२१ मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरचा, म्हणजे रॅन्समवेअरचा, हल्ला झाला. प्रवेश, विद्यार्थी टिकवणं आणि देणग्या गोळा करणं यांसाठीच्या यंत्रणा बंद पडल्या. त्या सुरू होईपर्यंत मार्च २०२२ उजाडला आणि तेव्हा कळलं, की पुढच्या सत्रासाठी पुरेसे विद्यार्थीच नाहीत. कोरोनाने आधीच खिळखिळं झालेलं हे कॉलेज १३ मे २०२२ रोजी बंद झालं. डेटा परत मिळाला होता, पण प्रवेशाचा हंगाम हातचा गेला होता.

तीन प्रती, दोन माध्यमं, एक बाहेरगावी

या क्षेत्रात सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा नियम एका छायाचित्रकाराने रूढ केला. पीटर क्रोग यांनी छायाचित्रं जपण्याविषयीच्या आपल्या पुस्तकात ‘३-२-१’ हे सूत्र मांडलं : डेटाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

‘रेड’ पद्धतीने जोडलेल्या डिस्क यात मोजायच्या नाहीत. एखादी डिस्क जळाली तरी सर्व्हर चालू राहावा, यासाठी ती सोय असते. चुकून पुसलेली फाइल ‘रेड’मधल्या सगळ्या डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची टिपलेली स्थिती, अशा चुकांवर उत्तम उपाय आहे, पण तो सहसा त्याच साठवण यंत्रावर राहतो. यंत्र गेलं की तोही गेला. घराची जादा किल्ली घरातल्याच खुंटीला टांगून ठेवण्यासारखं ते आहे.

तिसऱ्या आकड्याचं महत्त्व आग आणि पाणी शिकवतात. २० नोव्हेंबर २००२ रोजी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संगणककेंद्राला आग लागली. तिथेच ठेवलेला, डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या सुरक्षा-सुधारणा जगाला पुरवणारा सर्व्हरही त्यात जळाला. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर पूर्ण जळालं. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्या ग्राहकांकडे काहीच उरलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला लागलेल्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाचा ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. डेटा फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस आठवणाऱ्या कुणालाही तळघरात किंवा तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच इमारतीत बॅकअप, ही मांडणी पटणार नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना इथे एक सोय आहे. मुख्य आवार एका शहरात आणि उपकेंद्र दुसऱ्या जिल्ह्यात अशी रचना अनेकांची आहे. उपकेंद्रात कुलूपबंद, वातानुकूलित खोली आणि बरी जोडणी असेल, तर बाहेरगावची प्रत ठेवायला जागा शोधत फिरावं लागत नाही.

चोर आधी बॅकअप शोधतो

आगीला बॅकअप कुठे आहे हे ठाऊक नसतं. खंडणीखोराला ते ठाऊक असतं, किंबहुना तो आधी तेच शोधतो.

नेदरलँड्समधल्याच मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये कुणीतरी एका फसव्या ईमेलमधली लिंक उघडली. हल्लेखोर आत शिरले आणि दोन महिने जाळं धुंडाळत राहिले. २३ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, त्यांनी २६७ विंडोज सर्व्हर कुलूपबंद केले. काही कळीच्या यंत्रणांचे बॅकअप त्याच जाळ्यावर सदैव जोडलेले असल्याने तेही त्यांच्या हाती लागले. जानेवारीतल्या परीक्षा समोर होत्या आणि सगळं नव्याने उभारायचं तर महिने गेले असते. वर्ष संपता संपता विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, मोजले. पुढे फेब्रुवारीत त्यांनी जाहीर परिषद भरवून सगळा प्रकार खुलेपणाने मांडला. अशा प्रसंगी झाकपाक करण्याकडेच बहुतेकांचा कल असताना हे विशेष होतं. त्या खंडणीचा काही भाग पोलिसांनी युक्रेनमधल्या एकाच्या खात्यात पकडला. पकडला तेव्हा तो ४० हजार युरोंचा होता, २०२२ पर्यंत बिटकॉइन वधारून पाच लाखांचा झाला. गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी तो वापरायचं विद्यापीठाने ठरवलं.

अशा हल्ल्यांनंतर ३-२-१ मध्ये आणखी दोन आकडे जोडले गेले : एक प्रत जाळ्यापासून तुटलेली किंवा न बदलता येणारी आणि तपासणीत शून्य चुका. जाळ्यापासून तुटलेली प्रत म्हणजे बहुधा टेप. ऐकायला जुनाट वाटतं, पण एलटीओ-९ जातीच्या एका टेपवर मुळात १८ टेराबाइट डेटा मावतो आणि कपाटात ठेवलेल्या टेपला वीजही लागत नाही, हॅकरही शिवू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांमधली पत्रं एका सॉफ्टवेअरच्या चुकीने नाहीशी झाली, तेव्हा गूगलनेही ती टेपवरूनच परत आणली होती. न बदलता येणारी प्रत डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवता येते. तिला मुदत घालून दिलेली असते आणि ती संपेपर्यंत प्रशासकाच्या पासवर्डनेही ती पुसता येत नाही.

बॅकअपलाही मर्यादा आहेत. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने हल्ल्यानंतर बॅकअपमधून आपलं काम सावरलं, तरी ४,५७,०५९ डॉलर दिले. विद्यार्थ्यांची चोरलेली माहिती हल्लेखोरांनी जाहीर करू नये म्हणून. चोरीला गेलेली माहिती बॅकअप परत आणत नाही.

‘आम्ही सगळं क्लाउडवर ठेवलंय’ हे उत्तरही पुरेसं नसतं. ऑस्ट्रेलियात विद्यापीठीय कर्मचाऱ्यांसाठी सुरू झालेला युनिसुपर हा निवृत्तिनिधी गूगल क्लाउडवर होता, तोही दोन वेगवेगळ्या ठिकाणी. मे २०२४ मध्ये गूगलकडून मांडणी करताना एक रकाना रिकामा राहिल्याचा परिणाम समोर आला आणि दोन्ही ठिकाणची सेवा एकदमच पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना काही दिवस आपली खाती पाहता येईनात. युनिसुपरने दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. क्लाउडच्या अटीही बदलतात. शैक्षणिक संस्थांना अमर्याद जागा देणाऱ्या गूगलने २०२१ मध्ये ती प्रत्येक संस्थेमागे १०० टेराबाइटवर आणत असल्याचं जाहीर केलं आणि जगभरातल्या विद्यापीठांवर अचानक साफसफाईची वेळ आली.

परत आणून पाहणं

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. मग बॅकअप शोधायला गेल्यावर एकेक उपाय निकामी निघाला. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने होतच नव्हता. तो होत नसल्याचे इशारे देणारे ईमेलही, प्रेषकाची खातरजमा होत नसल्याने, नाकारले जात होते. एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. कंपनीने ही सगळी दुरुस्ती लोकांना थेट प्रक्षेपणात दाखवली.

‘बॅकअप यशस्वी’ हा हिरवा शेरा म्हणूनच पुरत नाही. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली, तर अर्धवट लिहिलेली नोंद प्रतीत येऊ शकते. त्यासाठी डेटाबेसच्याच साधनाने बॅकअप घ्यावा लागतो. क्रमही महत्त्वाचा. लॉगिन तपासणारा सर्व्हर, जाळ्यावरची नावं-पत्ते सांगणारी यंत्रणा, मग डेटाबेस आणि शेवटी संकेतस्थळ. क्रम चुकला तर सगळ्या फायली जागेवर असूनही कुणालाच आत जाता येत नाही.

जुन्या डेटाचा प्रश्न आणखी निराळा. एलटीओ-९ चं यंत्र फक्त आदल्या पिढीपर्यंतच्या टेप वाचतं. त्याहून जुन्या टेप कपाटात असतील पण त्या वाचणारं यंत्र भंगारात गेलं असेल, तर त्या टेपचा उपयोग नाही. मराठी मजकुराची यात आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधीचे कितीतरी प्रबंध आणि याद्या श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. फाइल जशीच्या तशी परत आली तरी तो फाँट नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. अशा फायली युनिकोडमध्ये आणणं किंवा निदान सोबत फाँट आणि पीडीएफ ठेवणं, हेही पुनर्प्राप्तीच्या नियोजनातच येतं.

भारतात या विषयाला धार आली ती दिल्लीच्या एम्स रुग्णालयावरच्या हल्ल्यामुळे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला. जवळपास दोन आठवडे नोंदणीपासून तपासणी-अहवालांपर्यंतचा कारभार हाताने चालला. जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, असं सरकारने संसदेत सांगितलं. रुग्णालयाच्या ई-हॉस्पिटल या प्रणालीचा डेटा एका सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर आणता आला.

कायदाही आता बॅकअपची दखल घेतो. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती चोरीला जाण्याबरोबरच ती हाताशी न राहणं हाही भंगच मानला आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या, पण टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे.

नियोजनाचा कागद जाडजूड असायला हवा असं नाही. कोणती यंत्रणा आधी उठवायची, निर्णय कोण घेणार, तो रजेवर असेल तर कोण, पुरवठादाराचा फोन नंबर काय आणि बॅकअप कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली कुठे आहे, एवढं त्यात असावं. तो छापून कपाटात ठेवावा, कारण सर्व्हर बंद असताना सर्व्हरवरची पीडीएफ उघडत नाही. मग सत्र संपल्यावर एखाद्या शनिवारी गुणांचा डेटाबेस बॅकअपमधून मोकळ्या सर्व्हरवर उतरवायचा, वीसेक विद्यार्थ्यांचे गुण छापील नोंदवहीशी ताडून पाहायचे आणि लागलेला वेळ लिहून त्याखाली परीक्षा विभागाची सही घ्यायची. कागदावर चार तास म्हटलं होतं आणि प्रत्यक्षात अकरा लागले, तर पुढच्या अंदाजपत्रकात जास्त वेगाची जोडणी मागायची की परीक्षा विभागाने अकरा तास मान्य करायचे, हे त्या सहीच्या बैठकीतच ठरवता येतं.